उपाशी गोधडी

"हा टाका रिजेक्ट. उसव."

"तुम्हीच उसवा. मी काय तुमच्या कंपनीत कामाला हाय?"

चिखलीतल्या त्या घराच्या जिन्यापाशी मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभी होते आणि खालच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून हे बोलणं बाहेर येत होतं. वरची खोली भाड्यानं मिळेल असं ऑफिसमधल्या एका मुलीनं सांगितलं होतं. बेल वाजवावी, की नुसतं खोकावं, की मुकाट्यानं परत जावं, हे माझं ठरत नव्हतं. माझ्या आयुष्याचा बराचसा भाग असा दारांच्या बाहेर गेला आहे.

शेवटी वाकून पाहिलं. फरशीवर एका मोठ्या गोधडीची खालची बाजू पसरलेली होती आणि तिच्यावर एक गृहस्थ पोटावर आडवे झाले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, डोळा कापडाला जवळजवळ टेकलेला आणि हातात व्हर्निअर. कारखान्यात लोखंडाच्या तुकड्याची जाडी मोजायला जे जबड्यासारखं हत्यार वापरतात, ते. त्या जबड्यात त्यांनी गोधडीचा एक टाका पकडला होता. शेजारी भिंतीला टेकून बसलेल्या काकू सुईत दोरा ओवत होत्या आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

"कोण पाहिजे?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"खोली..."

"कामाला कुठं?"

"चाकणला. कॅडवर ड्रॉइंग काढते."

ते ताडकन उठून बसले. चष्मा नाकावर आला. "अगं, ऐकलंस का? ड्रॉइंगवाली आली! घरबसल्या आली! दिली खोली!"

"तिला खोली बघू तर द्या," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ये माय, आत ये. घाबरू नकोस. सकाळपासून असंच करायलेत."

खोली मी बघितली की नाही, आता आठवत नाही. त्या घरात मी राहायला गेले ती त्या व्हर्निअरमुळे.

काका लातूरकडचे. तरुणपणी इकडं आले आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत चिकटले. तिथं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि त्यांवर तीनपैकी एक शिक्का मारायचा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. नोकरी गेली, शिक्के मात्र त्यांच्या तोंडात राहिले. सकाळचा चहा ओके. काकूंची भाकरी कडेला जाड झाली तर रिवर्क. नगरसेवकाचं भाषण लाउडस्पीकरवर सुरू झालं की पहिल्या वाक्यालाच रिजेक्ट. एकदा माझ्या कुर्त्याची खालची शिवण बघून त्यांनी मला जिन्यात अडवलं होतं. "हा माल तपासून घेतला नाही वाटतं," असं म्हणून तिथल्या तिथं खिशातून टेलरचा खडू काढून त्यांनी कापडावर फुली मारली. मी ऑफिसला फुलीसकट गेले.

गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं शिवणकाम भयंकर होतं. धावदोरा घालताना त्यांचा टाका दर वितीला दिशा बदलायचा. काकूंचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे, आणि तेच काका व्हर्निअर लावून नापास करायचे. आपल्या वेड्यावाकड्या टाक्यांना मात्र "हाताचं काम आहे, एवढं चालतं" अशी सूट.

"माझ्या आईनं डोळे मिटून गोधड्या शिवल्या," काकू म्हणायच्या. "तिला कुणी मीटर लावला न्हाई."

"म्हणूनच तुमच्याकडची गोधडी एका बाजूनं आखूड असते."

"आखूड न्हाई, तुमचे पाय लांब हायत. सगळ्यांच्या भानगडीत जातात."

मी फार कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी चौघांत मी सगळ्यात धाकटी, त्यामुळे माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. मराठी वाक्य मी आजही आधी मनात एकदा म्हणून घेते. त्या घरात वरच्या मजल्यावर पाणी आलं नाही तर मी खाली हाक मारत नसे, काकांना व्हॉट्सअ‍ॅप करत असे: "पाणी येत नाहीये." खालून मेसेजचा टिंग ऐकू यायचा, मग चष्मा शोधण्याची खुडबुड, आणि मग जिन्यातून गर्जना: "अगं, तोंडानं बोल की! की आवाजाची पण पीडीएफ करून पाठवणार?"

मी वरूनच हसायचे. खाली उतरायला मला पुढे काही आठवडे लागले, पण एकदा उतरले ती रोज संध्याकाळी उतरत राहिले.

ते गोधडी का शिवतात, ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून सांगितली आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगितली. प्रत्येक वेळी गोष्टीतला वकील थोडा अधिक भित्रा झालेला असायचा. कंपनीनं कायम कामगारांना कमी करून तेच काम कंत्राटी पोरांकडून करून घ्यायचं ठरवलं. आंदोलन झालं, गेटवर बसणं झालं, आणि शेवटी तडजोड. तडजोडीच्या कागदात एक अट होती. सही करणाऱ्यानं कंपनीच्या कारभाराबद्दल कुठं बोलायचं नाही, लिहायचं नाही, मोबाइलवर काही टाकायचं नाही. नाहीतर दिलेल्या पैशांचा सगळा हिशेब परत उघडणार. सगळ्यांनी सह्या केल्या. घरं होती, पोरं होती.

"कंपनीच्या वकिलानं अट वाचून दाखवली," काका सांगायचे. इथं ते गोधडीवरून उठून उभे राहायचे. "मी विचारलं, साहेब, बोलायचं नाही, लिहायचं नाही, बरोबर? तो म्हणाला, बरोबर. म्हणलं, शिवायचं नाही असं कुठं लिहिलंय का? तो म्हणाला, काय? म्हणलं, काही नाही. द्या पेन!"

आणि ते असे हसायचे की काकूंची सुई थांबायची.

त्या दिवशी कंपनीनं सही करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मिठाईचा एक एक खोका ठेवला. एचआरच्या साहेबांनी स्वतः ठेवला, हात मिळवून, फोटो काढून. काकांनी तो खोका गेटवरच्या वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. काकू कधी अन्नाचा कण वाया घालवत नाहीत, शिळ्या भाकरीचा त्या कुस्करा करतात. पण खोक्याचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं केलं. ज्यानं पुढचं ताट ओढून घेतलं, त्याच्या हातचं गोड कशाला खायचं."

घरी येऊन काकांनी काकूंकडं सुई मागितली. काकूंना वाटलं, पायात काटा गेला.

गोधडीचं कापड म्हणजे गणवेश. कायम कामगारांचा शर्ट करडा आणि कंत्राटी पोरांचा निळा. हा फरक मला माहीत होता, चाकणला ऑफिसच्या बसमधून रोज दिसायचा. तो लांबून ओळखू यावा म्हणूनच असतो, हे मात्र काकांनी सांगितलं. कॅन्टीनमध्येसुद्धा करड्यांची टेबलं वेगळी, निळ्यांची वेगळी.

"मी इतकी वर्षं करड्या टेबलावर जेवलो," ते म्हणाले. "शेजारच्या टेबलावर भाजी संपलेली असायची. मला काही वाटलं नाही, राव! रोज माल तपासत होतो, आणि हे नाही तपासलं." मग एकदम उजळून, "आता बसवतो बघ दोघांना एका जागी. असे शिवतो की उसवताच येणार नाहीत!"

कमी केलेल्या कामगारांचे करडे आणि कंत्राट संपलेल्या पोरांचे निळे शर्ट गोळा करायला ते स्कूटरवरून फिरायचे. लोक हसायचे, पण द्यायचे. बाळूभाऊ म्हणून त्यांचे एक जुने सहकारी होते, मूळ चाकणच्याच शेतकरी घरातले. त्यांच्या वडलांची जमीन कंपनीच्या कुंपणाच्या आत होती. ते आपला शर्ट घेऊन आले तेव्हा मी तिथंच होते. शर्ट ओला होता.

"ह्यो काय प्रकार?" काका म्हणाले.

"धुऊन आणलाय. घरात आमी त्याचा फरशी पुसायला फडका केला व्हता."

"फडका? कंपनीच्या शर्टाचा?"

"मंग काय पूजा करू? जमीन आमची, गेट त्यांचं, आन् शर्ट तेवढा मला दिला. पुसली फरशी." बाळूभाऊंनी शर्ट झटकला. "डाग न्हाई निघायचा. चालंल का?"

काकांनी डागाला व्हर्निअर लावलं, गंभीरपणे वाचलं आणि म्हणाले, "डाग ओके."

शर्टाच्या खिशावर कंपनीचं चिन्ह भरतकामानं काढलेलं असायचं. ते दिसलं तर अट मोडली म्हणतील. म्हणून काका प्रत्येक खिसा उलटा करून लावायचे. चिन्ह आतल्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये. "हात फिरव," ते मला म्हणाले. मी फिरवला. मऊ कापडाखाली ठिकठिकाणी काहीतरी कडक लागत होतं, कातडीखाली गाठी लागाव्यात तसं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी मला फार आनंदही झाला. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्या कुणालाही दिसत नाहीये, असा आनंद.

आता माझ्या कामाबद्दल. ड्रॉइंगशिवाय माल बनवायचा नाही, या शिस्तीत काकांचं आयुष्य गेलेलं. गोधडीला ड्रॉइंग नाही, याचा त्यांना खरोखर त्रास होत होता. त्यांना वाटत होतं, करडा-निळा-करडा-निळा असा बुद्धिबळाचा पट करावा. मी एका रात्री वरून मेसेज केला: "पट फार सोपा दिसेल."

जिन्यातून उत्तर आलं, "मग अवघड कर!"

मी खाली गेले. लॅपटॉप घेऊन. आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात न विचारता पाट ओढून बसले. म्हटलं, "काका, कारखान्याचा नकाशा करू या का? वरून बघितल्यासारखा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. इथं प्रेस शॉप. इथून माल पुढं जातो, इथं वेल्डिंग, इथं रंग. हा पिवळा पट्टा, याच्यावरूनच चालायचं. हे माझं टेबल, खिडकीजवळ. ते बोलत होते, मी रेषा ओढत होते, आणि काकू मधूनच म्हणत होत्या, "संडास कुठं होता? तो पण दाखव. तिथं जायला टोकन लागायचं म्हणे." आम्ही संडासही दाखवला.

"ऑफिस?" मी विचारलं.

"ते नको. तिथं एसी आहे, गोधडीचं काय काम?"

"एसीत बसणाऱ्याला तर गोधडी जास्त लागती," काकू म्हणाल्या.

"लागू दे. आपली नाही मिळणार."

सगळ्याच्या मधोमध कॅन्टीन आलं. खरं तर ते कोपऱ्यात होतं, पण काका म्हणाले की माणसाच्या डोक्यात ते मधोमधच असतं. जुन्या पद्धतीच्या गोधडीत धावदोरा काठापासून सुरू होतो आणि गोल गोल फिरत आत येतो. आमचा दोरा गेटपासून निघून प्रेस शॉप, वेल्डिंग, रंगाचा विभाग असा फिरत फिरत कॅन्टीनशी येऊन थांबणार होता. त्या रात्री झोपच आली नाही. ऑफिसमध्ये मी ब्रॅकेट आणि नटबोल्टची ड्रॉइंगं काढते, त्यांतल्या एकाही रेषेमुळे माझी झोप कधी उडाली नव्हती.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात मालाचं नाव, माप आणि ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव. मी बाकी सगळं भरलं आणि नावाची जागा रिकामी ठेवली.

"बिननावाचं ड्रॉइंग रिजेक्ट," काका म्हणाले.

"राहू दे ना काका."

"का?"

मी मनात वाक्य तयार केलं आणि सांगितलं. आमच्या ऑफिसचं निम्मं काम त्याच कंपनीचं होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती चौकट जवळून पाहिली. "बरं. रिकामी ठेव," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. ड्रॉइंगमध्ये कुणाला काही बदल करायचा असेल, तर काढणाऱ्यालाच विचारावं लागतं. साहेब असला तरी." मग त्या रिकाम्या जागेवर बोटानं हवेतच एक सही केली, आणि पुढं कित्येक दिवस, मी समोरून गेले की ते हवेत तसंच बोट फिरवून दाखवायचे.

गोधडी जवळजवळ पुरी झाली तेव्हा घरात मोठं भांडण झालं.

काकूंच्या माहेरी गोधडीचं पोट भरायची रीत आहे. मधोमध तळहाताएवढी जागा शेवटपर्यंत उघडी ठेवतात. मग हळदकुंकू लावून त्यात भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा ठेवतात आणि शेवटचे टाके घालून पोट बंद करतात. तसं न करता गोधडी पांघरली तर पांघरणाऱ्याला सारखी भूक लागते, असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा तव्यावर कडक करून आणला. काकांनी हात आडवा धरला.

"हिचं पोट भरायचं नाही."

"म्हणजे?"

"हिच्यात ज्यांचे शर्ट आहेत, त्यांच्या पुढचं ताट ओढलंय. ते परत कामावर जातील त्या दिवशी भरू. तोवर उघडं."

"उपाशी गोधडी मी घरात ठेवणार न्हाई."

"मग मी पण बाहेर झोपतो."

आणि ते खरंच गच्चीवर गेले, गोधडी घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर त्या गोधडीजवळ बसल्या होत्या आणि त्या उघड्या जागेची कड आत दुमडून, अगदी बारीक टाक्यांनी, चारही बाजूंनी पक्की करत होत्या.

"उपाशीच ठेवायची, तर तोंड तरी नीट असू दे," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "नाहीतर लोक म्हणतील, हिला जमलं न्हाई."

काकांनी त्या टाक्यांना व्हर्निअर लावलं नाही.

प्रदर्शनाची जाहिरात मीच मोबाइलवर पाहिली. चिंचवडच्या एका सभागृहात महिला बचत गटांच्या गोधड्या मांडणार होते. भाग फक्त महिलांनाच घेता येणार होता, म्हणून गोधडी काकूंच्या नावावर दिली. काकांना याचा जराही राग आला नाही. उलट लग्नघरासारखी त्यांची गडबड सुरू झाली. गोधडी कुठल्या घडीनं न्यायची, टांगताना वरची बाजू कुठली, प्रकाश कुठून यावा, यावर ते मला ऑफिसच्या वेळेत मेसेज पाठवू लागले. आता मेसेज तेच पाठवत होते आणि मी संध्याकाळी तोंडानं उत्तरं देत होते. पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि काकूंना लातूरला जावं लागलं. जाताना त्यांनी मला बजावलं, "ह्यांच्यावर लक्ष ठेव. बोलून बसतील."

सभागृहाच्या दारात पोचलो आणि काका थबकले. वर मोठा फलक होता आणि त्यावर प्रायोजक म्हणून त्याच कंपनीचं नाव. बाळूभाऊ, त्यांची बायको आणि आणखी काही जुने कामगार गोधडी बघायला मुद्दाम आले होते, तेही थांबले. मला वाटलं, आता सगळे परत फिरतील.

काकांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ते हसत होते. "अरे भावा," ते बाळूभाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मंडप त्यांचा, चहा त्यांचा, आणि भिंतीवर आपण! चला!"

गोधडी टांगली. रंगीत लुगड्यांच्या, छापील चादरींच्या गोधड्यांमध्ये ती करडी-निळी उभी राहिली, आणि खरं सांगते, बाकीच्या एकदम अंथरुणासारख्या दिसायला लागल्या. लोक तिच्यासमोर थांबत होते. एका मुलीनं बोटानं दोऱ्याची वाट धरली आणि गेटपासून आत आत येत गेली. मधल्या उघड्या जागेशी बोट थांबलं. तिनं आईला विचारलं, "इथं काय होतं?" आईला सांगता आलं नाही. काका तोंड घट्ट मिटून बाजूला उभे होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. हेच त्यांना हवं होतं. कुणीतरी विचारावं, आणि आपण काही बोललेलो नसावं.

मग आयोजक ताई आल्या. बचत गटाच्या अध्यक्ष, मोठ्या मनाच्या बाई, सकाळपासून सगळ्यांना पाणी विचारत फिरत होत्या. त्यांचं लक्ष त्या उघड्या जागेकडे गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! पोट भरायचं राहिलंच की! काकू लातूरला गेल्या ना घाईत."

"राहू द्या ताई," काका म्हणाले. "उघडंच असतं ते."

"असं कसं? माझ्या सासरी पण हीच रीत आहे हो. उपाशी गोधडी भिंतीवर लावतात का कुणी?" त्या एकदम खूश झाल्या. "बरंच झालं की! आता पाहुण्यांच्या हस्तेच भरू. फीत कापण्यापेक्षा किती छान दिसेल!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. ज्यांना ती रीत माहीत नाही, त्यांच्या हे ध्यानातसुद्धा आलं नसतं. दोन मिनिटांत ताट तयार झालं. हळदकुंकू, ओवलेली सुई आणि शेजारच्या स्टॉलवरच्या पुरणपोळीचा तुकडा.

पाहुणे आले. काकांचा चेहरा उतरला तेव्हा मला कळलं की हेच ते, मिठाईचे खोके वाटणारे एचआरचे साहेब. हसतमुख, सभ्य गृहस्थ. गोधडीकडे बघून म्हणाले, "अरे वा, हे तर आमच्या कंपनीचेच कलर्स!" मग कापडावरून हात फिरवला. हात थांबला. "आत काहीतरी कडक लागतंय."

"जुनं कापड आहे सर," ताई म्हणाल्या.

साहेबांनी मागं पाहिलं. काका दिसले. मग बाळूभाऊ, मग बाकीचे. क्षणभर त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. ते पुढे आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कसे आहात? सगळं ओके ना? आपलं ठरलंय, लक्षात आहे ना?"

काकांनी मान हलवली. ज्या माणसानं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारला, त्याला एक शब्द काढता येत नव्हता. बाळूभाऊ जमिनीकडे बघत होते. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या कामगाराची त्या कागदावर सही होती. उद्या फोटो छापून येणार होता: कंपनीचा हात, उपाशी गोधडीच्या पोटात पुरणपोळी घालताना. आणि मग ताई शेवटचे टाके घालणार होत्या, पक्के.

"मला शिवता येत नाही हं," साहेब म्हणाले. लोक हसले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. साहेबांनी पोळीचा तुकडा उचलला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले नाहीत, डोळ्यांनी काही मागितलं नाही. फक्त उजव्या हाताचं बोट जरासं वर उचललं आणि हवेत, खाली उजव्या कोपऱ्यात, एक सही केली.

मी मारुंजीत राहते आता, नोकरीही दुसरी आहे. इकडं खोलीच्या खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात आणि जिन्यातून कुणी ओरडत नाही. त्या दिवसाचं विचारलं तर लोकांना वाटतं, मी फार विचार करून केलं असेल. मी काहीच विचार केला नव्हता. मनात वाक्य जुळवायचंसुद्धा राहून गेलं. मी गर्दीतून पुढे गेले, साहेबांच्या आणि गोधडीच्या मधे उभी राहिले, त्या उघड्या जागेवर माझा तळहात ठेवला. तो तिथं बरोबर बसला. आणि सभागृहाच्या मागच्या रांगेत बाळूभाऊंच्या बायकोलाही ऐकू गेलं, एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले,

"थांबा. ह्याचं ड्रॉइंग मी काढलंय आणि त्यात बदल करायचा नाही. ही गोधडी उपाशी आहे, सर, आणि ती तुमच्या हातचं खाणार नाही."